इलिशचा ताळेबंद

दुर्गापूजा जवळ आली की कोलकात्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. बांगलादेशाने यंदा किती टन इलिश पाठवायला परवानगी दिली आणि पेट्रापोलच्या नाक्यावरून पहिला ट्रक केव्हा आत आला, ही ती बातमी. २०१२ साली बांगलादेशाने या माशाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यानंतर २०१९ पासून पूजेपुरती सवलत मिळू लागली. त्या वर्षी ५०० टन, २०२१ साली ४,६०० टन, २०२३ साली ३,९५० टन. २०२५ साली हा आकडा १,२०० टनांवर आला आणि किलोला किमान साडेबारा डॉलर भाव मिळाल्याशिवाय मासा बाहेर सोडायचा नाही, अशी अटही सोबत आली. परवानगीच्या मानाने प्रत्यक्षात येणारा मासा बराच कमी असतो, ही गोष्ट निराळी. तरीही या आकड्यावरून दोन्हीकडे अग्रलेख लिहिले जातात, रुसवेफुगवे होतात आणि कोण कुणाचा मित्र याचे निष्कर्ष काढले जातात.

ज्याने उभी हयात बँकेत काढली, त्याला एकटा आकडा दिसला की चैन पडत नाही. हा कशातला कितवा भाग, असे त्याचे मन विचारू लागते. बांगलादेशाची २०२३-२४ सालची इलिशची पकड होती ५ लाख २९ हजार टन. त्यात बाराशे टन म्हणजे शंभर रुपयांत तेवीस पैसे! एवढ्या तेवीस पैशांसाठी दोन देशांत मानापमानाचे नाट्य रंगते. उरलेले नव्याण्णव रुपये सत्त्याहत्तर पैसे कुठून आले आणि त्यासाठी कुणी काय मोजले, हे सहसा कुणी विचारत नाही.

ज्यांनी इलिश खाल्ला नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. इंग्रजीत याला हिल्सा म्हणतात, आपल्या किनाऱ्यावर पाला किंवा भिंग. आपल्या तारलीच्या दूरच्या नात्यातला हा मासा. अंगाने रुपेरी, चवीला तेलकट गोड, आणि काटे इतके की पापलेटवर पोसलेल्या माणसाने पहिल्या घासालाच हात टेकावेत. बंगाली माणूस मात्र बोलता बोलता जिभेने काटे वेगळे करतो. मोहरीच्या वाटणातला इलिश, केळीच्या पानात वाफवलेला इलिश, नुसत्या तेलात तळलेली त्याची गाबोळी. पूर्व बंगालच्या घरात लग्न, पाऊस आणि पाहुणे यांचा हिशेब याच माशावर चालतो. फुटबॉलच्या सामन्यात ईस्ट बंगाल जिंकला तर इलिशचा भाव चढतो आणि मोहन बागान जिंकला तर कोळंबीचा, असे कोलकात्यात गमतीने सांगतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारा मागणी-पुरवठ्याचा हा नियम मला फार आवडतो.

पण मुद्दा चवीचा नाही, जन्माचा आहे. इलिश वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. आश्विनातल्या पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या भरतीला त्याचे थवेच्या थवे मेघना, पद्मा, हुगळी यांच्या मुखातून आत शिरतात. पिल्ले काही महिने नदीत राहतात आणि मग समुद्राकडे निघतात. हा मासा तळ्यात वाढवून विकावा यासाठी शास्त्रज्ञांनी पुष्कळ खटपट केली, पण रोहू-कटल्यासारखी त्याची शेती अजून बाजारापर्यंत पोहोचलेली नाही. म्हणजे बाजारात दिसणारा प्रत्येक इलिश नदीतून किंवा समुद्रातून पकडलेला असतो. कोंबडीसारखी त्याची पैदास वाढवता येत नाही. जे काही आहे ते निसर्गाच्या खात्यात जमा आहे; आपण फक्त काढायचे. हा मासा पाण्याबाहेर काढताच मरतो आणि लवकर उतरतो, म्हणून त्याचा सगळा व्यापार बर्फाच्या आणि तासांच्या हिशेबाने चालतो.

आता या खात्यातून कोण किती काढतो ते पाहू. फार पूर्वी नव्हे, या शतकाच्या सुरुवातीच्या काळातल्या अहवालांत जगातल्या इलिशची वाटणी साधारण अशी दिलेली असे : बांगलादेश ५० ते ६० टक्के, म्यानमार २० ते २५, भारत १५ ते २०, आणि उरलेले चिल्लर पाकिस्तान, इराण-इराकच्या आखाताकडचे देश वगैरे. २०२० च्या सुमारास ‘वर्ल्डफिश’ या संशोधन संस्थेच्या हवाल्याने बांगलादेशाचा वाटा ८६ टक्के असल्याचे छापून आले. ढाक्यात साहजिकच आनंद झाला. २०१७ साली इलिशला भौगोलिक मानांकनही मिळालेले होते. राष्ट्रीय मासा, राष्ट्रीय मानांकन आणि आता जगाच्या बाजारात शेकडा ८६!

वाटा वाढला असे कुणी सांगितले की आम्ही बँकवाले दोन गोष्टी विचारायचो. तुमचा धंदा वाढला, की शेजारचे दुकान बंद पडले? कारण टक्केवारी दोन्ही कारणांनी वाढते आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. इलिशच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. म्हणून दोन्ही नीट वेगळ्या करून पाहायला हव्यात.

आधी शेजारच्या दुकानांचे पाहू. एके काळी इलिश गंगेतून अलाहाबाद, कानपूरपर्यंत जात असे. यमुनेतून आग्र्याच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या कोळ्यांचाही त्यात वाटा होता. १९७५ साली फरक्क्याचा बांध सुरू झाला. सव्वादोन किलोमीटर लांबीची ती भिंत हुगळीला पाणी मिळावे आणि कोलकाता बंदर जगावे म्हणून बांधली होती. तिने माशाचा रस्ता अडवला. बांधाच्या वरच्या बाजूच्या गावांत इलिश ही आजोबांच्या आठवणीतली गोष्ट झाली. अलीकडे बराकपूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने ‘नमामि गंगे’ योजनेत फरक्क्याच्या वर नेऊन जिवंत इलिश सोडायला सुरुवात केली आहे. हातात उचलून मासा भिंतीपलीकडे ठेवायचा, असा तो उपाय.

सिंधू नदीची हीच कथा आधी घडून गेली. सिंधी माणसाचा पल्ला म्हणजे हाच मासा. उल्हासनगरात किंवा चेंबूरच्या कॅम्पात ज्यांचे शेजार आहेत त्यांनी झुलेलालची तसबीर पाहिली असेल. पांढऱ्या दाढीचा तो वरुणावतार नदीत ज्या माशांवर कमळ ठेवून बसलेला असतो, तो पल्ला. एके काळी तो मुलतानपर्यंत चढत असे. १९३२ साली सक्करचा बांध झाला आणि तो तिथे थांबला; १९५५ साली कोटरीचा बांध झाला आणि तो समुद्राजवळच अडकला. फाळणीनंतर इकडे आलेल्या सिंधी कुटुंबांनी नदी तर सोडलीच होती. पुढे नदीने मासाही सोडला. (महंमद तुघलक १३५१ साली ठठ्ठ्याजवळ मासे खाऊन आजारी पडला आणि गेला, असे इतिहासकार सांगतात. तो मासा इलिशच असणार आणि सुलतानाने मरणही चवदार निवडले, असे हौशी बंगाली मंडळी छातीठोकपणे सांगतात. त्यांच्याशी वाद घालू नये.)

आंध्रात गोदावरीतून वर चढणाऱ्या याच माशाला पुलसा म्हणतात. मंगळसूत्र विकावे पण पुलसा खावा, अशी तिकडची म्हण आहे. आता दवळेश्वरमच्या आसपास पावसाळ्यात तो इतका थोडा सापडतो की एकेका माशाचा लिलाव हजारोंत जातो आणि त्याची बातमी होते. भाव बातमीचा विषय झाला, की मासा संपत आला असे खुशाल समजावे.

पश्चिम बंगालचे दुखणे मात्र केवळ बांधाचे नाही. तिथे २३ सेंटीमीटरपेक्षा लहान इलिश पकडण्यास व विकण्यास २०१३ पासून मनाई आहे. जाळ्याचा आस ९० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, असाही नियम आहे. पण ‘खोका इलिश’ नावाने लहान मासा बाजारात उघड मिळतो, कारण एक किलोचा मासा परवडत नाही आणि इलिश तर खायचाच असतो. यात मला नवल वाटते ते एका जुन्या रिवाजाचे. पूर्व बंगालच्या अनेक घरांत कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर इलिश बंद होई आणि थेट वसंतपंचमीला सरस्वतीपूजेच्या दिवशी इलिशची जोडी आणून, तिला तेल-सिंदूर लावून पुन्हा सुरुवात करीत. अंडी घालण्याचा आणि पिल्ले वाढण्याचा बराचसा काळ त्यात आपोआप येई. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असे, त्यातलाच हा प्रकार. शीतपेट्या आल्या, रिवाज गेला आणि त्याच्या जागी सरकारी राजपत्र आले. राजपत्राला आजी नसते, त्यामुळे ते कुणी फारसे ऐकत नाही.

आता बांगलादेशाच्या स्वतःच्या धंद्याकडे वळू. २००२-०३ साली तिथली पकड दोन लाख टनांच्या खाली, १ लाख ९९ हजार टनांवर आली होती. २०१२-१३ साली ती साडेतीन लाख झाली, २०१७-१८ साली ५ लाख १७ हजार आणि २०२२-२३ साली ५ लाख ७१ हजार टन. वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट. नुसत्या बोटी वाढवून एवढी वाढ टिकत नाही. जगातल्या बहुतेक समुद्रांत वीस वर्षे बोटी वाढवल्यावर मासे घटल्याचाच अनुभव आहे. इथे उलटे केले गेले : न पकडण्याचे दिवस वाढवले.

आश्विन पौर्णिमेच्या आगेमागे पूर्वी दहा-अकरा दिवस नदी बंद असे. २०१६ पासून ती बावीस दिवस बंद राहू लागली. या काळात इलिश पकडणे, नेणे, साठवणे, विकणे, सगळेच गुन्हा. एक ते दोन वर्षे कैद किंवा पाच हजार टका दंड किंवा दोन्ही. पंचवीस सेंटीमीटरपेक्षा लहान इलिशला तिथे जाटका म्हणतात. तो नोव्हेंबर ते जून असे आठ महिने पकडायचा नाही. शिवाय नदीचे सहा पट्टे अभयारण्य म्हणून राखलेले, त्यातल्या बहुतेकांत मार्च-एप्रिल पूर्ण बंदी. नववर्षाच्या दिवशी, पहेला बैशाखला, शिळ्या भातासोबत इलिश खायची शहरी फॅशन रूढ झाली होती, आणि तो दिवस नेमका एप्रिलच्या मध्यात येतो. २०१६ साली पंतप्रधान शेख हसीना यांनी त्या दिवशीच्या आपल्या जेवणातून इलिश वगळला आणि त्याची जाहीर चर्चा झाली. राज्यकर्त्यांच्या ताटात काय नाही, याला कधी कधी अध्यादेशापेक्षा जास्त वजन असते.

म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगायचे, हे जुने शहाणपण एका गरीब देशाने अमलात आणून दाखवले. मला याचे मनापासून कौतुक आहे. पण मुद्दल राखले कुणी? ढाक्याच्या सचिवालयाने नव्हे. भोला, बरिशाल, चांदपूर, पटुआखालीच्या कोळ्यांनी. इलिशवर तिथे पाच लाखांच्या आसपास मच्छीमार थेट जगतात. बावीस दिवसांच्या बंदीत नोंदणी असलेल्या कुटुंबाला सरकार पंचवीस किलो तांदूळ देते. जाटका बंदीच्या आठ महिन्यांत चार महिने, दरमहा चाळीस किलो. तांदूळ मिळतो, पण सगळ्यांना नाही, वेळेवर तर क्वचितच. आणि नुसत्या तांदळावर घर चालत नाही. डाळ, तेल, औषध, पोरांची फी यांना रोकड लागते.

ती रोकड येते आडतदाराकडून. तिथे या व्यवहाराला ‘दादन’ म्हणतात. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीशी त्याचे सख्खे नाते आहे. नाव, जाळी, डिझेल, बर्फ यांसाठी आडतदार आगाऊ पैसे देतो. वहीत व्याज लिहिलेले नसते, म्हणून वरवर पाहता हे फार दयाळू कर्ज वाटते. अट एकच : मासा माझ्याच आडतीवर आणायचा. मग भाव त्याचा, वजन त्याचे, दलाली तो कापणार. व्याजाचा दर किती, हे कर्जदाराला कधीच कळत नाही आणि कर्ज कधीच फिटत नाही, कारण ते फिटू नये अशीच त्याची रचना असते. बँकेच्या परीक्षेत व्याजाची चाळीस गणिते सोडवलेल्या माणसालाही दादनचा खरा दर काढताना घाम फुटेल.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका शाखेत मी तीन वर्षे होतो. होड्यांना, इंजिनांना कर्जे दिलेली होती. हप्ता दरमहा. जून-जुलैत समुद्र बंद, पण हप्त्याचे तक्ते वरून छापून आलेले. त्यात बाराही महिने सारखे. मासळी विकून घरचा पैसा सांभाळणारी एक कोळीण दरवर्षी जूनमध्ये पासबुक घेऊन येई. एकदा तिने काउंटरवर हात ठेवून शांतपणे विचारले, “साहेब, दर्या बंद असतो तेव्हा तुमचं व्याज बंद असतं का?” या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही परिपत्रकात नव्हते. मेघनेच्या काठचा मच्छीमार आज हाच प्रश्न छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांना विचारतो आहे, कारण त्यांचा हप्ता तर आठवड्याचा असतो. नदी बावीस दिवस बंद म्हणजे तीन हप्ते. तांदळाचे पोते दारात आणि वसुलीचा माणूसही दारात. मग रात्री कुणीतरी जाळे घेऊन निघतो, गस्तीच्या बोटीला सापडतो, जाळे जाळले जाते. ते जाळेही दादनवरच घेतलेले असते.

शेजारी देशाशी असलेला हिशेबही त्याच्या मनात सलत होता. बंगालच्या उपसागरात बांगलादेशाची समुद्रबंदी २० मे ते २३ जुलै अशी पासष्ट दिवसांची होती. भारताच्या पूर्व किनाऱ्याची १५ एप्रिल ते १४ जून. मासा एकच, समुद्र एकच, पण कुलुपे वेगवेगळ्या वेळी लागायची. आमच्या बोटी किनाऱ्याला बांधलेल्या आणि भारतीय बोटी आमचा मासा उचलताहेत, ही तिकडची तक्रार वर्षानुवर्षे होती. अखेर २०२५ साली बांगलादेशाने आपल्या तारखा बदलून १५ एप्रिल ते ११ जून अशी अठ्ठावन्न दिवसांची बंदी केली. त्यासाठी ना शिखर परिषद भरली, ना करार झाला. माझ्या मते पूजेच्या बाराशे टनांपेक्षा ही बातमी कितीतरी मोठी होती. ती किती जणांनी वाचली कोण जाणे!

२०१५ साली ममता बॅनर्जी ढाक्याला गेल्या तेव्हा त्यांनी इलिशचा विषय काढला आणि पाणी आले की मासाही येईल, अशा अर्थाचे उत्तर शेख हसीना यांनी दिले होते. रोख तिस्तेकडे होता. उत्तर राजकीय होते, पण जीवशास्त्राच्या दृष्टीनेही त्यात चूक नव्हती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हसीना सत्तेवरून गेल्या. नव्या हंगामी सरकारने आधी आपल्या लोकांना मासा मिळू द्या असे म्हणत निर्यातीला नकार दिला आणि सप्टेंबरअखेर तीन हजार टनांची परवानगीही दिली. आपल्या लोकांना मासा मिळावा, हे म्हणणे खोटे नव्हते. जगाच्या इलिशपैकी शेकडा ८६ ज्या देशात पकडला जातो, तिथे २०२५ च्या हंगामात किलोभराचा मासा दोन हजार टकांच्या वर होता. मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या कमाईचा एक मासा. २०२३-२४ साली पकडही आधीच्या वर्षापेक्षा ४२ हजार टनांनी घटली. नदीमुखाशी वाळूचे बांध साचताहेत, पाणी घाण होते आहे, बारीक आसाची जाळी पुन्हा दिसू लागली आहेत. वीस वर्षांची चढण आता सपाटीला लागलेली दिसते.

आणि हावड्याच्या घाऊक बाजारात काय दिसते? म्यानमारचा गोठवलेला इलिश तर बरीच वर्षे येतोच आहे. २०२५ साली गुजरातेतून, भरूचकडून, इलिश मोठ्या प्रमाणात तिथे पोहोचला. नर्मदेच्या मुखावरचा मासा सगळा देश ओलांडून बंगाल्याच्या ताटात! चवीला पद्मेची सर नाही असे नाक मुरडून लोक तो विकत घेत होते, कारण भाव निम्म्याच्या आसपास होता.

आपल्या किनाऱ्यावर काय चालले आहे, हे यानिमित्ताने पाहायला हरकत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ साली महाराष्ट्राची पकड २ लाख १ हजार टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. २०२३ साली राज्याने पापलेटला राज्य मासा केले आणि केरळच्या पाठोपाठ ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पण दादर-पार्ल्याच्या बाजारात हातात फूटपट्टी घेऊन उभे राहणारे गिऱ्हाईक अजून पाहिलेले नाही. बशीएवढी पापलेटे ‘स्वस्त लावते दादा’ म्हणत टोपलीतून पिशवीत जातातच. बंदीच्या काळासाठी केंद्राची एक बचत-नि-साहाय्य योजना आहे. मच्छीमाराने स्वतः १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालते आणि तीन महिने दरमहा दीड हजार परत मिळतात. बंदीत पोसायला दीड हजार, त्यातही तिसरा हिस्सा त्याचाच.

शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड सुगीला जोडावी, हे आपल्या बँकांना फार पूर्वी समजले. दुष्काळ जाहीर झाला की त्या कर्जाचे पुनर्गठनही होते. बंदीचा काळ तर दुष्काळापेक्षा सोपा. तो आधीपासून तारखेनिशी ठाऊक असतो. तेवढ्या दिवसांचा हप्ता पुढे ढकलणे आणि त्या दिवसांचे व्याज सरकारने भरणे, याला कितीसा खर्च येईल? मासा राखल्याने जी वाढीव पकड मिळाली तिच्यापुढे तो चिल्लर ठरेल, असे माझे मत आहे. तांदळाच्या पोत्यापेक्षा ते बरे, कारण त्याने आडतदाराच्या दारात जाण्याची एक तरी खेप वाचेल.

२०२५ सालची नदीबंदी ४ ते २५ ऑक्टोबर अशी होती. कोजागरी ६ तारखेला होती. त्या रात्री मेघनेच्या काठी नावा ओढून ठेवलेल्या होत्या आणि पाण्याखालून मासा वर चढत होता.